आत तोंड करून बसलेला दगड

डॉक्टर,

तुझ्या अंत्यविधीला मला चौथ्या रांगेत बसवलं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे लिहिताना सारखं आडवं येईल. पहिल्या रांगेत उज्ज्वला वहिनी, तुझी लेक मैत्रेयी, नाशिकहून आलेला तुझा भाऊ, आणि त्याच्या शेजारी मार्गारेट. इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या चर्चची किल्ली सांभाळणारी बाई. ऐंशीच्या घरातली, निळा कोट, पायांत चिखल लागलेले बूट. लायडनच्या त्या चकचकीत हॉलमध्ये मी त्रिशरण-पंचशील ऐकलं ते तिच्या बुटांकडे बघत. मग ती उठली, वहिनींसमोर हात जोडले आणि "जय भीम" म्हणाली. उच्चार अगदी चोख. तूच शिकवलं असणार. मला अकरा वर्षांत काय शिकवलंस? हॉटेलात ओरडून बोलू नये, एवढंच.

नंतर कॉफी आणि प्रत्येकी केकचा एक तुकडा. इथल्या रीतीप्रमाणे सगळे हळू आवाजात बोलत होते. मी मार्गारेटला गाठलं.

"त्याच्या आजाराचं तुम्हाला कधी कळलं?"

"फेब्रुवारीत," ती म्हणाली. "चर्चमध्येच. तो दगडाजवळ बराच वेळ गुडघ्यांवर बसला होता. मग उठला आणि म्हणाला, मार्गारेट, मला असं असं झालंय. मी चहा केला."

चहा केला! मला तू मे महिन्यात सांगितलंस. जाण्याआधी अकरा दिवस. तेही फोनवर. "शेठ, जमलं तर एक चक्कर टाक. बरं नाहीये. घाई नाही." मी तेव्हा एनस्खेडेला एका बंद पडलेल्या गिरणीची फरशी उचलत होतो. तू घाई नाही म्हणालास म्हणून तीन दिवसांनी आलो. समोरचा माणूस घाई नाही म्हणाला की त्याच्याइतकी घाई कुणालाच नसते, हे मी तुला शिकवलेलं. माझ्याच धंद्यातली पहिली गोष्ट. आणि मीच फसलो.

तर तिथे, त्या केकच्या टेबलाशी, माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "तुमचा त्याचा संबंध तो काय? एका दगडापुरता!"

मार्गारेट शांतपणे म्हणाली, "हो. एका दगडापुरताच."

वहिनी लगबगीने आल्या. "भरतभाऊजी, आज नको. आजचा दिवस तरी नको."

मी केक न खाता निघालो. मास्ट्रिख्टला माझ्या घरापर्यंत गाडी चालवताना एकच प्रश्न डोक्यात घुमत होता, आणि नंतर कित्येक दिवस तोच घुमला. तिला आधी का सांगितलंस? मला का नाही? मी तुझा कोण होतो? जुन्या मालाचा दुकानदार?

दुकानदार तर होतोच. आपली ओळखच तशी झाली. वहिनींना स्वयंपाकघरासाठी जुन्या फरश्या हव्या होत्या म्हणून तुम्ही दोघं लायडनहून इतक्या लांब माझ्या यार्डात आलात. वहिनी फरश्या निवडत होत्या आणि तू कोपऱ्यातल्या एका फुटक्या खांबाच्या माथ्यासमोर उकिडवा बसलेला. त्याच्यावर कोरलेली पानं होती. तू त्यांच्यावरून असा बोट फिरवत होतास, जणू तान्ह्या पोराचं तोंड पुसतोयस. मी लांबून बघितलं आणि चालत तुझ्यापर्यंत येईतो त्या दगडाची किंमत दुप्पट केली. तू एक शब्द न बोलता दिलीस. पैसे खिशात टाकल्यावर मी म्हणालो, "डॉक्टर, एक फुकटचा सल्ला. हवी ती वस्तू बघायची नाही. शेजारची बघायची."

तू खो खो हसलास. वहिनी चिडल्या. आणि त्या दिवसापासून तू मला शेठ म्हणायला लागलास.

मला ते कधी आवडलं नाही. आमचं घराणं पाथरवटाचं. माझा बाप छिन्नी-हातोडा झोळीत घालून गावोगाव "पाट्याला टाकी, जात्याला टाकी" असा पुकारा करत फिरायचा. गुळगुळीत झालेल्या पाट्यावर पुन्हा खाचा पाडून द्यायचा आणि ज्या माणसापुढे टोपी काढून उभा राहायचा, त्याला शेठ म्हणायचे. मी डच लोकांच्या थडग्यांसाठी आपल्याकडचा काळा ग्रॅनाइट विकणाऱ्या एका व्यापाऱ्याचा नोकर म्हणून इथे आलो. लाकडी पेट्या फोडायच्या आणि कुठल्या शिळेला चीर गेली आहे ते बघायचं, हे माझं काम. त्यातून पुढे पाडलेल्या घरांचा, कोठारांचा, चर्चचा माल घेऊन स्वतःचं यार्ड उभं केलं. कुणी हात दिला नाही. म्हणून म्हणायचो, मला शेठ म्हणू नकोस.

"मग काय म्हणू? साहेब?"

"नाव आहे मला. भरत."

"बरं, शेठ."

इतकं चिडवायचा हक्क मी दुसऱ्या कुणाला दिला नाही. हे तुला माहीत होतं का? माहीत असावं असं मी धरून चाललो होतो.

मग तू येत राहिलास. महिन्यातला एक रविवार ठरलेला. वहिनींनी दिलेला डबा, माझा चहाचा थर्मास, आणि दोन पालथ्या शिळांवर आपण दोघं. तुझ्या प्रयोगशाळेतलं मला काही कळायचं नाही, पण दगडांचं तू बोलायला लागलास की मी गिऱ्हाईकसुद्धा ताटकळत ठेवायचो. इंग्लंडमधल्या खेड्यापाड्यांच्या चर्चमध्ये हजार-बाराशे वर्षांपूर्वीचे कोरीव दगड आहेत, तू सांगायचास. कुणाच्या थडग्यावरचे, कुठल्या क्रूसाच्या खांबाचे. त्यांच्यावर वेणीसारखी गुंफलेली नक्षी, कुठे पक्षी, कुठे सापासारखं जनावर स्वतःचीच शेपटी चावतंय. पुढच्या लोकांनी चर्च नव्याने बांधलं तेव्हा ते जुने दगड भिंतीतच लावून टाकले. कुठे खिडकीचा उंबरा, कुठे दाराच्या वरची तुळई, कुठे नुसता पायात भरलेला. सुट्टी मिळाली की तुझ्या वयाची माणसं स्पेनला उन्हात पडायला जायची, आणि तू बोटीने इंग्लंडला जाऊन ओलसर चर्चच्या भिंती बघत फिरायचास. मैत्रेयी म्हणायची, "पापा इज ऑन हॉलिडे विथ हिज वॉल्स."

आणि तो एक दगड. पूर्वेकडच्या त्या खेड्यातला. खिडकीच्या बाजूला भिंतीत बसवलेला, बाहेरून साधा, सपाट. पण गिलावा पडून एक फट उघडी झाली होती आणि तिच्यातून दिसायचं की नक्षी आतल्या बाजूला आहे. तोंड आत, पाठ बाहेर. तू दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा लांब दांडीचा छोटा आरसा घेतलास आणि तो फटीत घालून तासन्‌तास बघत बसलास. नक्षी शाबूत होती. छिन्नीचा एक घाव नव्हता.

"कुणीतरी जपून ठेवली आहे ती, शेठ. ज्या गवंड्याने लावला त्याला तोडायचा नव्हता. त्याने तिला आत झोपवली."

"झोपवली म्हणे! डॉक्टर, कोरलेल्या बाजूला चुना घट्ट धरतो. सपाट बाजू बाहेर घेतली की भिंत सरळ येते. कुठलाही गवंडी हेच करेल. मी हेच करीन."

"आणि मग तोच दगड का? गावात दुसरे नव्हते?"

"जवळ पडला होता म्हणून! जो हाताशी असतो तो लावायचा. भिंत बांधायची असते त्याला, पूजा नाही करायची."

किती वर्षं चाललं हे! तू पटत नाही म्हणायचास, मी तुला दगडातलं काय कळतं म्हणायचो. मला वाटायचं हा नुसता वाद आहे, चहाबरोबरचा. तुझ्यासाठी तो काय होता, ते मला त्या एका रविवारी कळलं आणि मी ते ऐकूनच घेतलं नाही.

तू तुझ्या गावच्या विहिरीबद्दल सांगत होतास. विहिरीच्या पायऱ्यांत कमळं कोरलेले जुने दगड होते. तुझी आजी म्हणायची, हे आपल्या बुद्धाचे, यांच्यावर पाय देऊ नका. त्याच विहिरीवर तुमच्या लोकांना पाणी भरू देत नव्हते ते वेगळंच. पुढे विहीर नव्याने बांधली तेव्हा ते दगड फोडून खडी केली. तू दहा वर्षांचा होतास, समोर उभा होतास. "जगात एका तरी गवंड्याने असा दगड पाहून हात आवरला असेल, एवढं मला बघायचंय," असं म्हणालास. मी त्यावर काहीतरी चेष्टेचं बोललो. काय, ते लिहायचीही आता लाज वाटते. आणि तू, कधी नव्हे ते, आवाज चढवलास.

"तुझ्याच बापजाद्यांनी फोडले असतील ते!"

माझ्या बापाचं नाव निघालं की मी माझा राहत नाही. तुला यार्डाच्या फाटकाबाहेर काढलं. डबा मागून भिरकावला. पाऊस नव्हता, त्यामुळे तू रेनकोट विसरून गेलास आणि तो सात महिने माझ्या खुंटीवर लटकला. दोघांपैकी कुणीही फोन केला नाही.

त्या सात महिन्यांत तुला मार्गारेट मिळाली.

रेनकोट न्यायच्या निमित्ताने परत आलास तेव्हा तुझ्या तोंडी तीच. मार्गारेटने चर्चच्या जुन्या वह्या दाखवल्या. मार्गारेटने मला एकट्याला आत बसू दिलं, किल्ली देऊन गेली. मार्गारेटचा आलुबुखाऱ्याचा जॅम आणलाय, खाऊन बघ. तो जॅम मी तुझ्यादेखत खाल्ला, तू गेल्यावर बाटली फेकून दिली. मी विचारायचो, "ती काय म्हणते, चुना की भक्ती?" तू म्हणायचास, "ती काही म्हणत नाही. ऐकून घेते." हे मला लागलं. मुद्दाम म्हणालास की सहज, तूच जाणे. माझ्याकडे ऐकून घ्यायचा गुण नाही, मान्य. पण मी भांडायचो तुझ्याशी! भांडायला काय कमी जीव लागतो?

दर वर्षी तू म्हणायचास, "एकदा चल ना. बोटीचा दिवसाचा प्रवास. तुझा हात लागू दे त्या दगडाला. मी नुसता बघतो रे, तुला हाताला कळतं."

"हात लावायला माझ्या यार्डात दगडांचे ढीग पडलेत," मी म्हणायचो. "आणि तिथे तुझी मार्गारेट आहे ना?"

"भरत, तू जळतोस काय?" एकदा तू नाव घेऊन विचारलंस.

"ऐंशी वर्षांच्या म्हातारीवर? वेडा आहेस."

जळत होतो. आता खोटं बोलून मिळवायचं काय? तू त्या गावाला जायला निघालास की मी त्या आठवड्यात गिऱ्हाइकांशी हटकून भांडायचो. माझ्या बायकोने तर कॅलेंडरवर खूण करायला सुरुवात केली होती. "भाऊजी इंग्लंडला, म्हणजे आपल्याकडे वादळ," म्हणायची.

शेवटचा भेटलो तेव्हा तू लायडनच्या घरात, पुढच्या खोलीत, खिडकीशी लावलेल्या पलंगावर होतास. बाहेर कालव्यावरून सायकली चालल्या होत्या आणि तू त्या मोजल्यासारख्या बघत होतास. इतका बारीक झालेला की मी दारातच थांबलो. मग मला राग आला. मला दुसरं काही येतच नाही, आधी राग येतो.

"मला का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की फोनवर."

"डॉक्टर, मस्करी नको. कधीपासून आहे हे?"

"झाले थोडे महिने. तू काय केलं असतंस, शेठ? दुखण्याशी घासाघीस?"

"केली असती! गल्लीतल्या हाउसआर्ट्स डॉक्टरपासून मोठ्या हॉस्पिटलपर्यंत एकेकाचं डोकं खाल्लं असतं!"

"म्हणूनच," तू म्हणालास आणि डोळे मिटलेस. थोड्या वेळाने म्हणालास, "एक सांगायचं होतं तुला. त्या दगडाचं." तेवढ्यात वहिनी औषध घेऊन आल्या. गोळी घेता घेता तुला ठसका लागला. मी पाणी धरलं. "पुढच्या वेळी," तू म्हणालास. मी म्हणालो, "ते दगड मरू देत आता." ही आपली शेवटची बोलणी. मी तुला बोललेलं शेवटचं वाक्य हे.

इथे अस्थी महिनाभर मिळत नाहीत. त्या मिळाल्या त्या दिवशी वहिनींचा फोन आला. मार्गारेटचं पत्र आलं होतं. चर्चच्या भिंतीची डागडुजी ठरली, पुढच्या आठवड्यात ती फट गिलाव्याने बंद होणार. "यांची फार इच्छा होती, एकदा तुम्ही बघावं," वहिनी म्हणाल्या. "मला आत्ता प्रवास जमणार नाही. तुम्ही जाल का? मागच्या वेळी हॉलमध्ये जे झालं ते झालं. ती मनात ठेवणारी बाई नाही."

मी मनात ठेवणारा आहे. तरी निघालो. तुझा आरसा वहिनींनी रुमालात गुंडाळून दिला. हूक ऑफ हॉलंडहून सकाळची बोट घेतली. तुझी नेहमीचीच असणार. डेकवरचा कॉफीवाला माणूस तुला ओळखत असेल का, असा विचार आला आणि त्याच्यावरही थोडा जळून घेतलं.

चर्च इतकं लहान की माझ्या यार्डाच्या शेडमध्ये मावेल. मार्गारेट किल्ली घेऊन फाटकाशी उभी. तेच बूट. तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "भरत. म्हणजे शेठ तुम्हीच."

"शेठ नाही, भरत," मी म्हणालो. तुझ्या तोंडून चालवून घेतलेलं हिच्या तोंडून कशाला चालवून घेऊ?

दाराशी एका टेबलावर वही होती. येणारे-जाणारे नाव, गाव, दोन शब्द लिहितात ती. तिने पानं उलटून दाखवली. वर्षानुवर्षं तुझं अक्षर. मिलिंद, लायडन. पुढे इंग्रजीत एकेक ओळ. आज ऊन छान आहे. पक्ष्याने घंटेत घरटं केलंय. मार्गारेटच्या केकबद्दल आभार. मी दात आवळून वाचत गेलो. मग तिने फेब्रुवारीचं पान काढलं.

"ही एकच ओळ मला वाचता येत नाही. तुमची लिपी आहे ना? मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, ज्याला वाचता येते तो येईल कधीतरी."

मराठीत होतं. तुझी 'श'ची नेहमीची लांब मान.

"चुन्यासाठीच. शेठचं बरोबर होतं."

डॉक्टर, मी आयुष्यभर सौदे जिंकत आलो. पण समोरचा उठून गेल्यावर हातात आलेला असा सौदा कधी पाहिला नव्हता. माझ्या तोंडावर अकरा वर्षं हटला नाहीस, आणि इथे एका वहीत हार लिहून ठेवलीस, जिथे मी कधी पाऊल टाकणार नाही म्हणून शपथ घेतल्यासारखा वागत होतो. पुढच्या वेळी सांगणार होतास ते हेच ना?

"त्या दिवशी काय झालं?" मी मार्गारेटला विचारलं.

"त्याने ब्रशने फट साफ केली, आरसा आधी कधी गेला नव्हता इतका आत घातला. नक्षीभोवती पांढरं भरलेलं दिसलं. म्हणाला, संपलं, हा चुनाच आहे. माझा मित्र म्हणत होता ते खरं. आणि मग मला आजाराचं सांगितलं."

मी खिडकीशी गेलो. गुडघे टेकले. तुझ्या गुडघ्यांची जागाही तीच असणार, तिथली धूळ जरा पुसल्यासारखी होती. आरसा घातला, टॉर्च धरला. खरंच पांढरं. नक्षीच्या वेणीच्या पेडापेडांत दाबून भरलेलं. तुला वाटलं त्यात काही चूक नव्हती. डोळ्याला चुनाच दिसत होता.

पण कडेने एक चिमूट सुटून फटीत पडली होती. ती मी बोटावर घेतली. चुन्यासारखी रवाळ लागेना. माझा बाप जुन्या भिंतीचा माल डोळ्याने कधी ओळखत नव्हता, जिभेने ओळखायचा. मी बोट जिभेवर ठेवलं.

"तुम्ही आमचं चर्च खाताय?" मार्गारेट म्हणाली.

मी हात वर करून तिला गप्प केलं. जुना चुना जिभेवर कचकचतो, वाळू दाताखाली येते, विरघळत नाही. हे जिभेला चिकटलं आणि लोण्यासारखं पसरलं. शेजारच्या सांध्यातला कण घेतला, तो कचकचला. वरच्या, खालच्या सांध्यातला घेतला. चुना. चुना. पुन्हा नक्षीतली चिमूट. गणपतीच्या शाडूसारखी पांढुरकी, मऊ माती.

अख्खी भिंत चुन्यात बांधली आहे, डॉक्टर, आणि त्या एका दगडाच्या कोरलेल्या तोंडाला तेवढी माती लावली आहे. माती धरत नाही. भिंतीला तिचा काडीचा उपयोग नाही. चुना एकदा बसला की नक्षी सोलून काढल्याशिवाय सुटत नाही, माती ओल्या फडक्याने पुसून निघते. कुठल्याशा गवंड्याने चुन्याचं घमेलं बाजूला ठेवलं, उठून गेला, कुठून तरी स्वच्छ माती मळून आणली, हाताने एकेका पेडात भरली, आणि मग दगड आत तोंड करून लावला. कुणीतरी कधीतरी बाहेर काढला तर तोंड शाबूत निघावं म्हणून. दुसरं कारण असू शकत नाही. मी त्याच्या जागी असतो तर चुनाच भरला असता, हे मी अकरा वर्षं सांगत होतो, आणि तेही खरं आहे. तो माझ्यासारखा नव्हता.

"माती!" मी ओरडलो. चर्चमध्ये ओरडू नये हेही तू शिकवायला हवं होतंस. "मार्गारेट, माती आहे ही! चुना नाही! त्याचं बरोबर होतं, पहिल्यापासून त्याचंच बरोबर होतं!"

तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. मग म्हणाली, "बसा. मी चहा करते."

ती आत गेली आणि मी त्या थंड बाकावर बसलो. जे तुला सांगायला हवं होतं, या जगात फक्त तुलाच, ते मी आत्ता कुणाला सांगितलं? का सांगितलं? ती समोर उभी होती. एवढंच. जे माणूस हाताशी होतं त्याच्यापाशी ते ओतलं. फेब्रुवारीत याच जागेवर तुझंही तसंच झालं असेल. माझं उत्तर मिळालं मला. फार साधं निघालं. आणि तू हाक मारायचास त्यातल्या एका वर्षी जरी मी आलो असतो, तर त्या दिवशी हाताशी मी असतो. एक चिमूट जिभेवर ठेवायला मला किती वेळ लागला? वहिनींच्या डब्यातला लाडू संपवायला लागतो तेवढाही नाही. तू हरलो असं समजून गेलास, डॉक्टर. जिंकलेला असताना. मी एका म्हातारीवर जळत घरी बसलो म्हणून.

चहा बरा होता. तिने केक कापला, या वेळी मी खाल्ला. ती म्हणाली, गिलावा करणाऱ्यांना सांगून ती त्या एका जागी मातीच भरून घेईल. मी म्हणालो, कशी मळायची ते मी दाखवतो, नाहीतर ते लोक काहीतरी घोळ घालतील. मग दुपारभर बाही सरसावून मीच मळली आणि फटीत भरली. आधीच्या गवंड्याने भरली तशीच, बोटांनी. नक्षीला माझा हात लागला. तुला बघायचं होतं ते.

निघताना वहीपाशी आलो. तुझ्या ओळीखाली दुसऱ्या कुणाकुणाची नावं होती, तरी मी समासात, तुझ्या ओळीला लागून, मराठीत लिहिलं. मार्गारेट चष्मा लावून वाकून बघत होती.

"काय लिहिलंत?"

"आमचं आहे ते," मी म्हणालो.

"त्याने तरी मला काय सांगितलं होतं?" ती हसली आणि किल्ली शोधायला लागली. मी नाही सांगितलं. तुझा आजार तिला आधी कळला, माती तिला आधी कळली. हे नाही. हे तू आलास की वाच.

"माती आहे, डॉक्टर. यायला उशीर केला. शेठ."